ओबामाकेअरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत खरंच काय बदललं? बिलिंगच्या टेबलावरून जे दिसलं ते

पुण्यात पब्लिक हेल्थ शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय की ताई, ओबामाकेअरवर (अमेरिकेचा २०१० चा आरोग्यविम्याचा कायदा) वाचायला घेतलं की एक जण म्हणतो कोट्यवधी लोकांना विमा मिळाला, दुसरा म्हणतो प्रीमियम वाढले आणि चालू पॉलिसी बंद झाल्या, मग सुरुवातीच्या वर्षांत नक्की काय झालं आणि लोकांच्या तब्येती सुधारल्या का?

मी ओहायोत बावीस वर्षं हॉस्पिटल बिलिंगमध्ये आहे, त्यातली बरीचशी फायनान्शियल काउन्सेलर म्हणून, म्हणजे ज्या पेशंटला बिल झेपणार नाही त्याच्यासमोर बसून काही मार्ग निघतो का ते बघायचं. २०१३ मध्ये ट्रेनिंग घेऊन लोकांचे मार्केटप्लेसचे (म्हणजे या कायद्याने उभा केलेला खाजगी विम्याचा बाजार, तिथे उत्पन्न बघून सबसिडी मिळते) फॉर्म भरून द्यायला लागले. त्यामुळे मी सांगणार ते टेबलाच्या या बाजूने दिसलेलं आहे, पण आकडे जिथे देतेय तिथे ते नीट माहीत असलेलेच देतेय.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल फॉर्मवर झाला. फॉर्म म्हणजे अगदी कागदाचा फॉर्म.

२०१४ च्या आधी नोकरीतून विमा नसेल आणि स्वतःचा स्वतः घ्यायचा असेल तर जो फॉर्म यायचा त्यात पानंच्या पानं तब्येतीचे प्रश्न असायचे. उंची, वजन, कुठल्या गोळ्या चालू आहेत, मागच्या काही वर्षांत कुठल्या डॉक्टरकडे गेलात, कशासाठी गेलात, गरोदर आहात का. डायबेटीस लिहिला की नकार, कॅन्सर होऊन गेलेला असला की नकार, काही वेळा नुसतं वजन जास्त म्हणूनही नकार, आणि दिलाच विमा तर त्या आजाराचं काही कव्हर करणार नाही अशी अट. लोक मग लपवायचे आणि लपवलेलं नंतर उकरलं जायचं. माझ्यासमोर एक पन्नाशीची बाई बसली होती, छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं की तुम्ही अर्जात जुनी एक तपासणी लिहिली नव्हती म्हणून पॉलिसी सुरुवातीपासून रद्द. त्या तपासणीचा आणि कॅन्सरचा काडीचा संबंध नव्हता. जे क्लेम आधी पास झाले होते ते पैसेसुद्धा कंपनीने हॉस्पिटलकडून परत मागितले आणि आम्ही ते बिल त्या बाईच्या नावावर टाकलं, कारण सिस्टिममध्ये दुसरा पर्यायच नव्हता. ती काय म्हणाली ते मला अजून आठवतं, पण ते इथे लिहिणार नाही.

या प्रकाराला रेसिजन म्हणतात. कायद्यावर ओबामांची सही झाली २३ मार्च २०१० ला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरनंतर सुरू किंवा रिन्यू होणाऱ्या प्लॅन्सना रेसिजन बंद झालं, मुद्दाम फसवणूक केली असेल तेवढा अपवाद. आणि १ जानेवारी २०१४ पासून तर ते प्रश्नच फॉर्मवरून गेले. नवीन फॉर्मला प्रीमियम ठरवण्यासाठी फक्त वय, पत्ता, तंबाखू आणि घरातली कोण कोण माणसं विम्यात घ्यायची एवढंच लागायचं. बाई असण्याचे जास्त पैसे घेता येईनात (आधी सर्रास घ्यायचे). म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्तीत जास्त तिप्पट लावता येतं, त्याच्या वर नाही. तंबाखूसाठी जास्तीत जास्त दीडपट.

पण त्याच फॉर्मवर एक नवीन प्रश्न आला, तुमचं उत्पन्न किती? पुढच्या सगळ्या भानगडी त्या प्रश्नातून निघाल्या. म्हणून मी म्हणते की "ओबामाकेअर चांगलं की वाईट" असं विचारण्यापेक्षा जुन्या प्रश्नाने कोण अडत होतं आणि नव्या प्रश्नाने कोण अडलं हे बघ, म्हणजे दोन्ही बाजूंचे लोक खरं बोलताना दिसतील.

आता २०१० ते २०१३ चा काळ. याच्याबद्दल लोक फार कमी लिहितात कारण सगळ्यांचं लक्ष मार्केटप्लेसच्या सरकारी वेबसाइटच्या गोंधळाकडे असतं. या काळात आमच्या टेबलावर सगळ्यात आधी दिसलं ते २६ वर्षांपर्यंतच्या मुलांचं. आईवडिलांच्या पॉलिसीवर मूल २६ चं होईपर्यंत राहू शकतं, मग त्याचं शिक्षण संपलेलं असो, लग्न झालेलं असो की ते दुसऱ्या गावात राहत असो. ते मंदीनंतरचे दिवस होते, आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं ग्रॅज्युएट होऊन घरी बसली होती किंवा विमा नसलेल्या कंत्राटी कामावर होती, त्यांच्या आया मंडळाच्या गणपतीत भेटल्या की हेच विचारायच्या की खरंच ठेवता येतं का गं त्याला. सरकारच्या अंदाजाने २०११ संपेपर्यंत सुमारे ३० लाख तरुणांना यामुळे विमा मिळाला. याला फारसा खर्च नाही, वेबसाइट नाही, सबसिडी नाही, म्हणून तो गाजावाजा न होता झाला आणि पुढे कायद्याला शिव्या देणारेसुद्धा हे कलम काढा म्हणाले नाहीत.

दुसरं, लाइफटाइम लिमिट गेली. आधी पॉलिसीत लिहिलेलं असायचं की आयुष्यभरात कंपनी अमुक इतकेच पैसे देईल, म्हणजे समज दहा लाख डॉलर. ऐकायला खूप वाटतं पण ल्युकेमिया झालेल्या किंवा हिमोफिलिया असलेल्या मुलाचे दहा लाख काही वर्षांत संपतात आणि मग विमा "आहे" पण पैसे नाहीत. आमच्याकडे एका वडिलांनी वहीत चालू बेरीज ठेवली होती, प्रत्येक ॲडमिशननंतर मला विचारायचे आता किती उरले. २०१० च्या शेवटी मी त्यांना सांगितलं की वही बंद करा. ते दोनदा विचारून खात्री करून गेले.

तिसरं तपासण्यांचं, आणि इथे मला थोडं सविस्तर सांगू दे कारण कायदा लिहिणं आणि बिलाच्या कोडपर्यंत पोचवणं यात किती अंतर असतं ते यात दिसतं. कायद्याने सांगितलं की लसी, मॅमोग्राम, कोलोनोस्कोपी अशा ठरावीक प्रतिबंधक सेवांना पेशंटकडून एक पैसा घ्यायचा नाही. लोक आनंदाने पन्नाशीची कोलोनोस्कोपी करायला आले. आता कोलोनोस्कोपी करताना पॉलिप दिसला तर डॉक्टर तो तिथल्या तिथे काढतात, त्यासाठीच तर ती तपासणी. पण पॉलिप काढला की बिलिंगचा कोड बदलतो, स्क्रीनिंगचं सर्जरीत जातं आणि पेशंटला डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) लागतं. म्हणजे माणूस फुकट तपासणी म्हणून झोपला आणि उठला तेव्हा हजार-दीड हजार डॉलरचं बिल. आम्ही मॉडिफायर ३३ (ही प्रतिबंधक सेवा आहे असं सांगणारी बिलावरची खूण) लावायला लागलो, काही कंपन्या मानायच्या, काही नाही, अपिलं करण्यात माझे दोन-अडीच वर्षांचे शुक्रवार गेले. शेवटी फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारने स्पष्ट केलं की पॉलिप काढणं हा स्क्रीनिंगचाच भाग आहे, खाजगी विम्यात पेशंटकडून पैसे घेता येणार नाहीत. कायदा २०१० चा आणि हे एवढं एक वाक्य यायला तीन वर्षं. अशी वाक्यं पुढेही बरीच यायची होती.

कंपन्यांवर ८०-८५ चा नियमही आला. प्रीमियमच्या शंभरातले ८० (मोठ्या ग्रुपला ८५) औषधोपचारावर किंवा दर्जा सुधारण्यावर खर्च करा, नाही केले तर फरक ग्राहकाला परत द्या. ऑगस्ट २०१२ मध्ये पहिल्यांदा असे सुमारे १.१ अब्ज डॉलर परत गेले, जवळपास १ कोटी २८ लाख लोकांच्या पॉलिसींपोटी. बऱ्याच जणांना कळलंसुद्धा नाही कारण चेक कंपनीच्या एचआरकडे गेला.

आणि या काळातली एक गोष्ट मला पटली नाही ती पण सांगते. २०१४ पर्यंत आजारी लोकांचं काय, म्हणून एक तात्पुरती योजना काढली होती, प्री-एक्झिस्टिंग कंडिशन इन्शुरन्स प्लॅन, पाच अब्ज डॉलर बाजूला ठेवून. त्यात अट अशी की तुम्ही आधी सहा महिने विमा नसलेले असायला हवेत. कॅन्सरच्या माणसाला सहा महिने थांब म्हणायचं! आणि आलेले लोक इतके आजारी होते की पैसे अंदाजापेक्षा भराभर संपले आणि २०१३ च्या सुरुवातीलाच नवीन अर्ज घेणं बंद केलं, तोपर्यंत लाखभराहून जास्त लोक आत आले होते. तू धोरणाचा अभ्यास करतोयस तर हे नीट बघ. नुसत्या आजारी लोकांचा वेगळा गट करून विमा चालवायचा प्रयोग इथे समोर होऊन गेला आणि सबसिडी, मँडेट (विमा घ्या नाहीतर दंड भरा ही सक्ती), सगळ्यांना एकत्र घ्या हे कशासाठी होतं ते त्यातून कळतं.

मग आला निकाल, २८ जून २०१२. सुप्रीम कोर्टाने ५-४ ने मँडेट टिकवलं, ते कर म्हणून चालेल असं म्हणून, पण मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. टीव्हीवर त्या दिवशी सगळं मँडेटबद्दल चाललं होतं. गरीब माणसाच्या दृष्टीने दुसरा भाग जास्त महत्त्वाचा होता.

मेडिकेड म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, पण भारतातून बघताना वाटतं की गरीब आहे म्हणजे मिळत असेल, तसं नव्हतं. ओहायोत आधी पदरी लहान मूल नसलेल्या, अपंग नसलेल्या, पासष्टच्या आतल्या माणसाचं उत्पन्न शून्य असलं तरी त्याला मेडिकेड मिळत नव्हतं. कायद्याने ठरवलं की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कोणीही असो, घ्यायचा, आणि २०१४ ते २०१६ या नव्या लोकांचा पूर्ण खर्च केंद्र देईल, नंतर कमी होत २०२० पर्यंत ९० टक्क्यांवर येईल. आमचे गव्हर्नर जॉन केसिक रिपब्लिकन, तरी त्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये विधानसभेला वळसा घालून सात जणांच्या कंट्रोलिंग बोर्डाकडून मंजुरी घेतली. टेक्सस, फ्लोरिडा यांनी नाही म्हटलं. १ जानेवारी २०१४ ला साधारण निम्मी राज्यं आत, निम्मी बाहेर.

बाहेरच्या राज्यांत काय झालं ते ऐकशील तर तुला खरं वाटणार नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी धरलं होतं की दारिद्र्यरेषेच्या खालचे सगळे मेडिकेडमध्ये जातील, म्हणून मार्केटप्लेसची सबसिडी १०० टक्क्यांपासून पुढे ठेवली. मेडिकेड आलंच नाही तर खालच्यांना काहीच नाही. डॅलसला माझ्या ओळखीच्या एक बाई, नवरा गेलेला, अमेरिकन सिटिझन, डे-केअरमध्ये अर्धवेळ काम करून वर्षाला ९ हजार डॉलर कमवायच्या. एका माणसासाठी रेषा होती ११,४९०. त्यांच्याबरोबर काम करणारी दुसरी १२ हजार कमवायची, तिला महिन्याला वीस-बावीस डॉलरमध्ये विमा मिळाला आणि यांना तोच प्लॅन पूर्ण किमतीला, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पगाराला. त्यांनी मला फोनवर विचारलं की मी कमी कमावते म्हणून मला जास्त का? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशा फटीत देशभर सुमारे ५० लाख लोक अडकले असा त्या वेळचा अंदाज होता. आणि त्याहून विचित्र म्हणजे ग्रीन कार्डवर पाच वर्षं न झालेल्यांना मेडिकेड चालत नाही, म्हणून त्यांच्यासाठी १०० टक्क्यांची अट ठेवलेली नव्हती, म्हणजे कालपरवा आलेल्याला सबसिडी आणि त्याच उत्पन्नाच्या सिटिझनला नाही.

यावरून आपल्या लोकांचा विषय आला तर तेही सांगून टाकते. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेले आईवडील हा २०१४ आधी मोठाच प्रश्न होता. पासष्टी उलटलेली, मेडिकेअर (पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा) विकत घ्यायलासुद्धा पाच वर्षं राहायला हवं, खाजगी कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, मग पाहुण्यांसाठी असते तसली ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन लोक देवावर हवाला ठेवायचे, आणि त्या पॉलिसीत जुना आजार आला की क्लेम गेला. २०१४ पासून हे आईवडील मार्केटप्लेसवर आले, स्वतःचा टॅक्स रिटर्न स्वतः भरत असतील तर त्यांचंच उत्पन्न धरलं जायचं, भारतातलं पेन्शन आणि एफडीचं व्याज धरून, आणि बऱ्याच घरी महिन्याला थोडक्या डॉलरात सिल्व्हर (मधल्या पातळीचा) प्लॅन मिळाला. मुलाने त्यांना डिपेंडंट दाखवलं तर मात्र मुलाचं उत्पन्न येतं. मी हे कितीतरी किचन टेबलांवर बसून समजावलंय. बायपास झालेल्या एका आजोबांना कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते देवघरात नेऊन ठेवलं होतं. (हे सगळं त्या वर्षांबद्दल लिहितेय, नंतर नियम बरेच बदललेत, यावरून कोणी आजचा निर्णय घेऊ नये.)

वेबसाइटबद्दल थोडक्यातच. १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, त्याच दिवशी सरकारी शटडाऊनही सुरू झालं, पहिल्या दिवशी देशभरात फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. पहिल्या महिन्यात सगळी राज्यं धरून १ लाख ६ हजार, त्यात ३६ राज्यांसाठीच्या केंद्राच्या साइटवरून २७ हजारसुद्धा नाहीत. आमच्या आजी-आजोबांची ओळखच पटायची नाही कारण ओळख पटवायचे प्रश्न क्रेडिट हिस्टरीवरून यायचे, तुमचं जुनं गाडीचं कर्ज कुठल्या बँकेचं, आणि यांनी इथे कधी कर्जच घेतलेलं नाही. मेडिकेडला पात्र निघालेल्यांची फाइल साइटकडून राज्याकडे जायला हवी ती जात नव्हती, म्हणून आम्ही सगळं दुसऱ्यांदा राज्याच्या पोर्टलवर भरायचो. डिसेंबरपर्यंत साइट सावरली आणि मुदत संपली तेव्हा आकडा ८० लाखांवर गेला. त्या तीन महिन्यांत विश्वास गेला तो मात्र लवकर भरून आला नाही, काही लोक नंतर साइट सुरळीत झाल्यावरसुद्धा माझ्याकडे कागदी फॉर्म मागायचे.

आता ज्यांचं नुकसान झालं त्यांचं, आणि हे मी टाळणार नाही. "तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो तुम्हाला ठेवता येईल" असं राष्ट्राध्यक्ष वारंवार म्हणाले होते. २०१३ च्या शरदात स्वतःची पॉलिसी असलेल्या लाखो लोकांना रद्द झाल्याची पत्रं आली कारण नव्या नियमांप्रमाणे बाळंतपण, मानसिक आजार, औषधं वगैरे दहा गोष्टी असायलाच हव्यात आणि त्या जुन्या प्लॅनमध्ये नव्हत्या. ओबामांनी नोव्हेंबरमध्ये माफी मागितली आणि १४ तारखेला जुने प्लॅन चालू ठेवायची मुभा दिली. यातल्या बऱ्याच जणांचे जुने प्लॅन फुटकळ होते हे खरं, ते आजारी पडले की माझ्यासमोर येऊन बसायचे. पण सगळ्यांचे नव्हते. साठीचं जोडपं, दोघांचा छोटा कन्सल्टिंगचा व्यवसाय, तब्येत ठणठणीत, जुना प्लॅन बरा होता. सबसिडीची वरची रेषा दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्के, दोघांसाठी २०१४ ला ६२,०४० डॉलर. यांचं उत्पन्न ६४ हजार. वरच्या दोन हजारांपायी वर्षाची कित्येक हजारांची सबसिडी गेली आणि प्रीमियम दुप्पट. असे लोक संख्येने कमी होते, सगळा वैयक्तिक विम्याचा बाजारच देशाच्या जेमतेम पाच-सहा टक्के लोकांचा, पण ते बोलणारे, व्यवसाय करणारे लोक होते आणि त्यांचा राग खोटा नव्हता. जुन्या फॉर्मवर ते पास व्हायचे, नव्या फॉर्मवर नापास झाले.

उत्पन्नाच्या प्रश्नाने अजून दोन ठिकाणी मारलं. एक म्हणजे सबसिडी पुढच्या वर्षाच्या अंदाजावर मिळते आणि हिशोब टॅक्स भरताना होतो. ओव्हरटाइम करणारा, टॅक्सी चालवणारा, सीझनचं काम करणारा माणूस अंदाज काय सांगणार? २०१५ च्या वसंतात पहिल्यांदा तो हिशोब आला, लोक १०९५-ए नावाचा (वर्षभरात किती सबसिडी दिली ते सांगणारा) कागद घेऊन घाबरून यायचे, त्यात सुमारे ८ लाख लोकांना सरकारने चुकीचे आकडे छापून पाठवले होते. दुसरं, नोकरीतला विमा परवडतो का हे फक्त कामगाराच्या एकट्याच्या प्रीमियमवरून ठरवलं, साडेनऊ टक्क्यांच्या आत असला की परवडतो. बायकोमुलांना घेतलं की तोच प्रीमियम पगाराच्या पंचवीस टक्के झाला तरी कागदोपत्री "परवडतो", म्हणून बायकोमुलांनाही सबसिडी नाही. याला फॅमिली ग्लिच म्हणायचे आणि तो दुरुस्त व्हायला २०२३ उजाडलं.

आणि कार्ड हातात आल्यावरचं. ब्राँझ (सिल्व्हरच्या खालच्या, कमी प्रीमियमच्या) प्लॅनचं डिडक्टिबल पाच हजारांच्या आसपास असायचं, वर्षाला खिशातून जास्तीत जास्त ६,३५० डॉलर अशी २०१४ ची मर्यादा. लोकांना वाटायचं विमा आहे म्हणजे झालं. एमआरआयचं पूर्ण बिल घरी गेलं की आम्हाला फोन, मग विम्याचा उपयोग काय? बऱ्याच कमी उत्पन्नवाल्यांना सिल्व्हर घेतला असता तर डिडक्टिबल अगदी थोडं लागलं असतं, ती वेगळी मदत फक्त सिल्व्हरवर आणि २५० टक्क्यांपर्यंतच होती, पण ते महिन्याचे पंधरा डॉलर वाचवायला ब्राँझ घेऊन बसायचे. माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी भाग हाच होता, सिल्व्हर घ्या म्हणून सांगणं. नेटवर्क (विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांची यादी) छोटी झाली, जवळचं हॉस्पिटल आत तर तिथला भूलतज्ज्ञ बाहेर असले प्रकार. डॉक्टरांना वेगळी धास्ती, सबसिडीवाल्या पेशंटने प्रीमियम थकवला तर ९० दिवसांची सवलत, त्यात पहिल्या महिन्याचे क्लेम कंपनी देणार आणि पुढच्या साठ दिवसांचे थांबवून ठेवणार, पेशंटने नाहीच भरलं तर ते बिल बुडीत. मेडिकेडच्या पेशंटला डॉक्टर मिळावेत म्हणून २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं प्राथमिक डॉक्टरांचे दर मेडिकेअरइतके केले होते, मग ती मुदत संपली. अशा गोष्टी दोन वर्षांसाठी का करतात मला कळत नाही, डॉक्टर दोन वर्षांसाठी दवाखाना वाढवत नाही.

तरीपण आमच्या ऑफिसात २०१४ च्या मार्च-एप्रिलपासून जो फरक दिसायला लागला तो खराच मोठा होता. सकाळी आदल्या दिवशीच्या ॲडमिशनची यादी येते, त्यात विम्याच्या रकान्यात "सेल्फ पे" लिहिलेले लोक असतात, म्हणजे विमा नसलेले. ती यादी दोन पानांवरून अर्ध्या पानावर आली. सरकारी अंदाजाप्रमाणे २०१४ मध्ये हॉस्पिटलांच्या बुडीत आणि धर्मादाय खर्चात देशभर ७.४ अब्ज डॉलरची घट झाली आणि त्यातली बहुतेक मेडिकेड वाढवलेल्या राज्यांत. विमा नसलेले लोक, नॅशनल हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हेप्रमाणे, २०१० ला ४ कोटी ८६ लाख होते, २०१४ ला ३ कोटी ६० लाख, २०१५ ला २ कोटी ८६ लाख.

तब्येती सुधारल्या का, हा तुझा शेवटचा प्रश्न. ओरेगनने २००८ मध्ये मेडिकेडच्या मर्यादित जागा लॉटरीने दिल्या होत्या, त्यामुळे संशोधकांना आयता प्रयोग मिळाला. २०१३ ला निकाल छापून आला की दोन वर्षांत डिप्रेशन कमी झालं, आजारपणाने कंगाल होणं जवळजवळ थांबलं, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यात ठळक फरक सापडला नाही. इमर्जन्सीला जाणंही कमी झालं नाही, उलट ४० टक्क्यांनी वाढलं. दोन्ही बाजूंनी आपापलं वाक्य उचललं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. वीस वर्षं न दाखवलेला माणूस कार्ड मिळाल्यावर आधी साचलेलं सगळं घेऊन येतो, आणि साखर औषधाने, जेवणाने, पुन्हापुन्हा येण्याने उतरते, त्याला दोन वर्षं थोडी आहेत.

जीव वाचले का याचं उत्तर पुढे एका वेगळ्याच ठिकाणी मिळालं. विमा न घेतल्याचा दंड भरलेल्या ४५ लाख घरांना टॅक्स खात्याने पत्र पाठवायचं ठरवलं, तुम्हाला सबसिडी मिळू शकेल, बघा. पैसे पुरले नाहीत म्हणून ३९ लाखांनाच गेली, कोणाला जायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. नंतर दोन्ही गटांची तुलना केली तर पत्र मिळालेल्यांनी जास्त विमा घेतला आणि त्यांच्यातल्या ४५ ते ६४ वयाच्या लोकांत पुढच्या दोन वर्षांत मृत्यू कमी झाले. साध्या पत्राने. हे वाचलं तेव्हा मला ती सहा लाख घरं आठवत राहिली ज्यांना पत्र गेलं नाही.

भारतात आपल्याकडे रिटेल विम्याच्या फॉर्मवर तो आजाराचा प्रश्न अजून आहे, फक्त जुन्या आजाराला थांबायची जास्तीत जास्त मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीनवर आणली, तर आयुष्मान भारतमध्ये पहिल्या दिवसापासून जुना आजार चालतो. तुलना करणार असशील तर या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे धरून कर.

आणि अभ्यासासाठी दोन गोष्टी लक्षात ठेव. जनगणना खात्याच्या करंट पॉप्युलेशन सर्व्हेने विम्याचे प्रश्न नेमके २०१४ मध्ये बदलले, त्यामुळे त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवू नकोस, मी वर दिलेली मालिका हेल्थ इंटरव्ह्यू सर्व्हेची आहे ती घे. आणि टेक्सस आणि ओहायो एका सरासरीत घालू नकोस, राज्याने मेडिकेड वाढवलं की नाही तो रकाना आधी कर, त्याच्या आत उत्पन्नाचे गट कर, डॅलसच्या त्या ९ हजारवाल्या बाई तरच तुझ्या तक्त्यात दिसतील.